पहिली एअर रायफल: नवी, वापरलेली की सुटे भाग जमवून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी किंवा मुलगा रेंजवर जायला लागला की दोन-तीन महिन्यांत घरात रायफलचा विषय निघतोच. मोठ्या वयात नेमबाजी सुरू करणाऱ्यांचंही तेच होतं. खाली उत्तरं आहेत ती हात आखडता ठेवून पहिली रायफल घेऊ पाहणाऱ्यांसाठी.

इथे नेमक्या कोणत्या रायफलबद्दल बोलतोय?

१० मीटर स्पर्धेच्या एअर रायफलबद्दल. कॅलिबर ४.५ मिमी, एका वेळी एकच पेलेट, दुर्बीण नाही, मागे पीप साइट (बारीक भोकातून बघून नेम धरायची) आणि पुढे रिंग. आयएसएसएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार साइटसकट वजन ५.५ किलोच्या वर जाता कामा नये. शिकारीच्या, कावळे-माकडं हाकलण्याच्या किंवा मागच्या अंगणात डबे उडवण्याच्या बंदुका हा वेगळा विषय आहे. त्यांच्या दुकानात मिळणारे सल्ले इथे लावू नका.

परवाना लागतो का?

कॅलिबर ४.५ मिमीपर्यंत (०.१७७ इंच) आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत, या दोन्ही मर्यादांच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. एक जरी मर्यादा ओलांडली तर लागतो. म्हणजे ५.५ मिमीची एअर रायफल कितीही साधी दिसली तरी ती या सवलतीत बसत नाही.

स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या बरीच आत असते. ०.५३ ग्रॅमचं पेलेट साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतं, म्हणजे ऊर्जा होते साडेसात ते आठ ज्यूल. तरीही परवाना लागत नाही याचा अर्थ खेळणं आहे असा नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या, आणि जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

परदेशी व्हिडिओत लोक भाग मागवून घरीच रायफल तयार करतात. तसं इथे करता येईल?

नाही. अमेरिकेत काही राज्यांत जे चालतं ते तिथल्या कायद्यामुळे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं, बदलणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नळी कातून घेऊ, लेथवर ॲक्शन (पेलेट भरायची-सोडायची यंत्रणा) करून घेऊ, असा विचारही डोक्यात आणू नका.

एअर रायफलची शक्ती वाढवून घेणं हाही तसाच आगीशी खेळ. मर्यादा ओलांडली की ती विनापरवाना शस्त्र ठरते. शिवाय १० मीटरवर जास्त वेगाचा काडीचा उपयोग नाही. धक्का वाढतो, ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका) फाटतो.

मग "जमवून उभी करणं" म्हणजे काय?

आपल्याकडे याचा अर्थ एवढाच: एखाद्याची जुनी मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल, बहुतेक वेळा फक्त ॲक्शन, नळी आणि दस्ता, स्वस्तात घ्यायची, आणि मग रिअर साइट (मागची), फ्रंट साइट (पुढची), बट प्लेट (खांद्याला टेकते ती), चीकपीस (गाल टेकवायचा), दाबलेल्या हवेचं सिलिंडर, हवा भरायचा ॲडॅप्टर हे एकेक करून मिळवायचं.

ऐकायला हिशोब चांगला वाटतो. प्रत्यक्षात पहिल्या रायफलसाठी हा मार्ग बहुतेकांना महाग पडतो, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. सिलिंडरचे आटे कंपनीगणिक वेगळे असतात, एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलमध्येही फरक निघतो. ॲडॅप्टरचंही तसंच. दस्त्याची खोबण त्या-त्या ॲक्शनपुरती कापलेली असते, त्यामुळे एकाचा ॲल्युमिनियम दस्ता दुसऱ्याला बसत नाही. रिअर साइट ११ मिमीच्या खाचेवर बसते खरी, पण तिची उंची पुढच्या साइटशी जुळली नाही तर खाली-वरचे सगळे क्लिक संपतात आणि छर्रा तरीही आठच्या खालीच पडत राहतो. मग साइट उचलायला रायझर ब्लॉक आणा. असे पाच-सहा भाग आणेपर्यंत सहा महिने जातात, मूल त्या काळात अर्धवट रायफलवर चुकीची पोझिशन पक्की करून बसतं, आणि एकूण खर्च पूर्ण वापरलेल्या रायफलच्या पुढे निघून जातो.

आमचा स्पष्ट कौल असा: पहिली रायफल पूर्ण घ्या. वापरलेली चालेल, साधी चालेल, पण पहिल्या दिवशी रेंजवर नेऊन साठ शॉट मारता येतील अशी. भाग नंतर बदला, एका वेळी एक.

पण रायफल आत्ता लागतेच का?

बहुतेकांना पहिले तीन ते सहा महिने लागत नाही. क्लबची रायफल भाड्याने किंवा फीमध्येच मिळते. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, कोल्हापूर, पनवेल, ठाणे, नाशिक, नागपूर इथे शिकवणाऱ्या जागा आहेत, आणि बऱ्याच तालुक्यांतही छोट्या १० मीटर रेंज निघाल्या आहेत.

घाई न करण्याचं खरं कारण मापाचं आहे. पोझिशन बसायच्या आधी दस्त्याची लांबी, चीकपीसची उंची, पुढच्या हाताखालचा दस्ता किती खाली हवा, यातलं काहीच कळत नाही. चार महिने क्लबच्या रायफलवर काढल्यावर कोच सेटिंगचे आकडे सांगू शकतो, आणि ते आकडे हातात असले की दुकानात गोंधळ होत नाही. नेमबाजीतला पहिला रुपया रायफलवर नाही, शूज आणि जॅकेटवर घाला. क्लबची रायफल दुसऱ्याने वापरली तरी चालते. दुसऱ्याच्या मापाचं जॅकेट मात्र पाठीला आधारच देत नाही, आणि शूजमध्ये पाय हलत असेल तर सगळी पोझिशन हलते.

पैसे कसे वाटावेत?

नवी परदेशी मॅच रायफल (वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर) साधारण दोन लाखांपासून साडेतीन लाखांपर्यंत जाते. चांगल्या स्थितीतली वापरलेली त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळू शकते. भाव डॉलर-युरोप्रमाणे हलतात, म्हणून घेण्याच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी विचारा.

एकूण बजेटचे ढोबळ तीन भाग करा. अर्ध्याहून थोडा जास्त रायफलला. पाव भाग जॅकेट, पँट, शूज, ग्लव्ह यांना. उरलेला पहिल्या वर्षाच्या पेलेट आणि रेंज फीला. हा तिसरा भाग लोक विसरतात. आठवड्याला चार दिवस, दर वेळी सायटरसकट (आधीचे नेम जुळवायचे शॉट धरून) ८० शॉट धरले तर महिन्याला जवळपास १,३०० पेलेट लागतात, म्हणजे ५०० च्या डब्यांचे जवळपास तीन डबे. सगळे पैसे रायफलमध्ये घातले आणि पेलेट परवडेनात, तर महागडी रायफल कव्हरमध्ये पडून राहते. तसं होण्यापेक्षा साधी रायफल आणि भरपूर सराव शंभर पटीने बरा.

देशी रायफल चालेल का?

प्रश्न कोणत्या गटासाठी, यावर उत्तर आहे. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची) आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. ओपन साइटसाठी देशी स्प्रिंग रायफल पुरेशी आहे आणि शाळकरी मुलासाठी ती पैशाला जागते. प्रिसीहोलसारख्या भारतीय उत्पादकांनी स्प्रिंग आणि पीसीपी (आधी भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) दोन्ही प्रकारच्या रायफली बाजारात आणल्या आहेत.

पीप साइटमध्ये राज्य पातळीवर उतरायचं असेल तर मात्र ट्रिगर, धक्का आणि दस्त्याची सेटिंग यांत मॅच रायफल फार पुढे आहे. मधला मार्ग म्हणून महागडी स्प्रिंग रायफल घेऊन तिला पीप साइट लावू नका. स्प्रिंग पुढे धावते, पेलेट नळीत असतानाच रायफल हलते, आणि मुलाला वाटतं आपलाच ट्रिगर चुकतोय.

वापरलेली रायफल तपासायची कशी?

इथे वेळ काढा. शक्य असेल तर कोचला सोबत न्या आणि रेंजवरच भेटा, कोणाच्या घरी किंवा चहाच्या टपरीवर नको.

आधी सिलिंडर. त्यावर निर्मितीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. बहुतेक युरोपीय उत्पादक दहा वर्षांचं आयुष्य सांगतात, आणि मुदतीतलं सिलिंडर वापरण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या नियमात खेळाडूवर आहे. मुदत संपलेलं किंवा संपत आलेलं असेल तर नव्या सिलिंडरची पूर्ण किंमत रायफलच्या भावातून वजा करा. "चालतंय की अजून" हे उत्तर ऐकून घेऊ नका. २०० बारचा दाब मुलाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. सिलिंडरवर खोल ओरखडा, पोचा किंवा गंज दिसला तर तारीख चांगली असूनही नाही म्हणा.

मग गळती. २०० बार भरा. भरताना हवा तापते, त्यामुळे पहिल्या तासात गेजचा काटा थोडा उतरणारच, तो उतार मोजू नका. तासाभराने आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत पाहा. काटा दिसण्याइतका खाली आला तर कुठेतरी ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) गेलेली आहे. ओ-रिंग स्वस्त, पण रेग्युलेटरमधून (दर शॉटला दाब सारखा ठेवणारा भाग) गळत असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरचं.

तिसरं, ट्रिगर. ड्राय फायर मोडवर (पेलेट आणि हवा न सोडता नुसता ट्रिगर) पन्नास वेळा ओढा. पहिला टप्पा संपल्याची जागा दर वेळी तिथेच जाणवली पाहिजे. कधी लवकर, कधी उशिरा सुटत असेल तर सिअर (ट्रिगरची अडकण) झिजलेला आहे किंवा कोणीतरी स्क्रू उगाच फिरवलेत. कॉक करून दस्त्याच्या मागे तळहाताने हलकी थाप मारा, रायफल सुटता कामा नये. (ही चाचणी रिकाम्या नळीने, टार्गेटकडे तोंड करून.)

चौथं, ग्रुप. रेस्टवर ठेवून १० मीटरवर पाच-पाच शॉटचे चार ग्रुप काढा. कडेपासून कडेपर्यंत सहा मिमीच्या आत असतील तर नळी उत्तम. हा आकडा कुठून आला? पेलेट स्वतः ४.५ मिमीचं, म्हणजे छिद्रांच्या केंद्रांत फरक दीड मिमी. दहाच्या ठिपक्याला पेलेट टेकायला त्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिमीपर्यंत असलं तरी पुरतं. म्हणजे अशी रायफल स्वतःहून कधीच नऊ मारणार नाही. ग्रुप सात-आठ मिमीचा आला तर लगेच नळीला दोष देऊ नका, दुसरं पेलेट लावून पुन्हा मारा.

शेवटी किरकोळ वाटणारं पण महाग पडणारं: हवा भरायचा ॲडॅप्टर, ॲलन की, रिअर साइटचा आयरिस (बघायचं भोक लहान-मोठं करणारा), फ्रंट साइटच्या रिंगा, कंपनीचं टेस्ट कार्ड आणि मूळ बिल. बिल नसेल तर विक्रेत्याच्या सहीचं विक्रीपत्र सीरियल नंबरसह लिहून घ्या. सवलतीत आयात झालेली रायफल असेल तर विक्रीच्या अटी कागदावर स्वतः वाचा.

जुनी लिव्हरवाली मॅच रायफल स्वस्तात मिळतेय. घेऊ?

फाइनवेर्कबाउ ६०१-६०२ किंवा जुनी आन्शुट्झ २००२ यांत बाजूचा लिव्हर एकदा ओढून हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, मुदतीची चिंता नाही, पंप नाही, अचूकता आजही उत्तम. मोठ्या माणसासाठी कमी पैशात हा खरोखर चांगला सौदा आहे.

अडचण दोन ठिकाणी. लिव्हर जड असतो, बारा-तेरा वर्षांचं मूल साठ वेळा ओढून खांदा थकवून घेतं आणि दर शॉटला पोझिशन मोडते. दुसरं, सील वाळले की वेग पडतो, आणि त्या मॉडेलचे सील कोण देणार हे विकत घेण्याआधी ठरलेलं हवं. फाइनवेर्कबाउ ३००एस ही त्याहून जुनी, स्प्रिंगची पण धक्का खाऊन टाकणारी. ती पेलेटशिवाय झाडायची नाही.

मुलासाठी "वाढत्या अंगाची" मोठी रायफल घेऊ का?

नको. जड रायफल पेलायला मूल कंबर पुढे काढतं, पाठ मागे वाकवतं आणि ती सवय मणक्याला त्रास देते. दहा ते तेरा वयाला साडेतीन किलोच्या आसपासची ज्युनिअर रायफल पाहा. ज्या मॉडेलला बट प्लेट मागे सरकते, चीकपीस वर-खाली होतो आणि वजनं नंतर लावता येतात, ते चार-पाच वर्षं पुरतं.

माप घेताना मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल टेकवू द्या, मग डोळे उघडू द्या. रिंग पीपच्या मधोमध दिसली तर चीकपीस बरोबर. मान लांबवून किंवा गाल दाबून शोधावं लागलं तर सेटिंग चुकलं. डावखुऱ्या मुलाला उजवी रायफल देऊ नका. आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते कोचकडून तपासून घ्या.

पेलेट कोणतं?

सपाट डोक्याचं, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचं. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा डब्यावर लिहिलेला असतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एक मानवतो. तीन मापांचा एकेक डबा क्लबमध्ये वाटून घ्या, वर सांगितल्याप्रमाणे ग्रुप काढा, आणि जे जमलं त्याच लॉटचे स्पर्धेपुरते डबे घ्या. रोजच्या सरावाला त्याच कंपनीचं स्वस्त पेलेट पुरतं. पडलेलं पेलेट पुन्हा वापरू नका, कडा दबलेली असते.

हवा कशी भरायची? पावसाळ्यात काही वेगळं?

बहुतेक क्लबमध्ये स्कुबा टाकी किंवा कंप्रेसर असतो. एका भरणीत, मॉडेलप्रमाणे, दोनशे ते तीनशेच्या घरात शॉट मिळतात, म्हणजे आठवड्याला एक-दोनदा भरलं तरी भागतं. घरी हातपंप घ्यायची सुरुवातीला गरज नाही.

हळू भरा, दोन-तीन मिनिटं द्या. सिलिंडर हातानेच घट्ट करा, पक्कड लावली की आटे जातात. भरायच्या तोंडाला तेल किंवा साधं ग्रीस लावू नका, आणि वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश मिळून स्फोट होतो. दाब उत्पादकाने दिलेल्या खालच्या मर्यादेपर्यंत आला की शॉट खाली पडू लागतात. साइटचे क्लिक फिरवण्याआधी गेज बघा.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हातपंपाने भरलेली हवा ओली असते आणि ते पाणी सिलिंडरच्या आत राहतं. ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर त्या दिवसांत क्लबच्या कोरड्या टाकीवरच भरा. रायफल फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका, फोम ओल धरतो आणि नळीवर, साइटच्या स्क्रूंवर तांबूस ठिपके येतात. रेंजवरून आल्यावर कोरड्या कापडाने पुसा, पेटीत सिलिका जेल ठेवा. नळी साफ करायला फेल्टची गोळी, मागून पुढे. पितळी ब्रश नको.

स्वतः काय बदललं तर चालतं?

बट प्लेट, चीकपीस, वजनं, आयरिस, फ्रंट रिंग, आणि माहितीपुस्तिकेत दाखवलेले ट्रिगरचे स्क्रू. एका दिवसात एकच गोष्ट बदला, आधीचा आकडा वहीत लिहा, आणि किमान दोन सराव त्यावर करा. फ्रंट रिंग सुरुवातीला जरा मोठी ठेवा, काळ्या गोलाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे. अगदी बारीक रिंगने नेम धरायला वेळ लागतो आणि डोळा थकतो. रेग्युलेटर, व्हॉल्व्ह आणि नळी यांना हात लावू नका.

परदेशी वेबसाइटवरून थेट मागवू?

नको. आयातीवर अटी आहेत आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकतं. नामांकित नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीवर सवलत मिळते, पहिल्या रायफलच्या टप्प्यावर ती लागू होत नाही. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, सर्व्हिसही तिथेच होते.

स्वप्नील कुसाळेसारखी रायफल घ्यायची आहे.

कांबळवाडीच्या स्वप्नीलने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने). ती .२२ ची बंदूक आहे, तिला परवाना लागतो, गोळ्यांचा खर्च वेगळा. तिथे जायची वाट साधारणपणे १० मीटरवरूनच जाते. एअर रायफलवर उभ्याची पोझिशन पक्की होऊ द्या.

शिशाचा धोका किती?

पेलेट शिशाचं असतं, म्हणून लेनवर खाणं नाही, पेलेट तोंडात धरणं नाही, सराव संपला की साबणाने हात धुवायचे. लहान भावंडांच्या हाती डबा पडू देऊ नका.

मुलाने दोन वर्षांत खेळ सोडला तर?

मॅच रायफल पटकन विकली जाते, अट एवढीच की सिलिंडरची मुदत शिल्लक हवी. म्हणून घेतानाच पाच-सहा वर्षं उरलेलं सिलिंडर पाहा. मूळ पेटी, टेस्ट कार्ड, काढून ठेवलेले भाग आणि बिल एकत्र ठेवा. दस्त्यावर नाव कोरू नका, स्टिकर लावू नका. विकताना रेग्युलेटर उघडलेला नाही हे सांगता आलं की भाव चांगला येतो, आणि खरेदीदाराचं ओळखपत्र, सही आणि सीरियल नंबर असलेला कागद तुमच्याकडेही राहू द्या.